भंगार विका, पण तार जाळू नका



दिवाळीआधी घर झाडायला काढलं, की माळ्यावरची आणि गोठ्याच्या कोपऱ्यातली अडगळ अंगणात येते. जळालेली पाणबुडी मोटार, तुटकी केबल, बंद पडलेला फ्रीज, मिक्सर, पंखा. तेवढ्यात भंगारवाल्याची हाक येते आणि ‘सगळंच घेऊन जा, काय द्यायचं ते दे’ म्हणून आपण मोकळे होतो. इथंच नुकसान होतं. उक्ता सौदा केला, तर तांबंही लोखंडाच्या भावात जातं.

मोटार असेल, तर आधी दुरुस्तीचा खर्च विचारून घ्या. परवडत नसेल, तरच मोडीत काढा. मोडीत काढताना धातू वेगळे करा. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक त्याला पुरतो. चिकटलं ते लोखंड किंवा बीड. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम चिकटत नाही. मोटारीच्या तारेच्या नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. तार चाकूनं खरवडून बघा. आत लाल निघालं तर तांबं, पांढरं निघालं तर ॲल्युमिनियम. तेवढ्याच आकाराचं तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड भरतं.

‘मोटार जळाली, आता तांब्यात काय राहिलंय?’ असं कोणी म्हणालं, तर फसू नका. जळतं ते तारेवरचं आवरण. तांबं वितळायला सुमारे १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. प्रत्येक धातूचं वजन घरच्या काट्यावर करून कागदावर लिहून ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी भाव विचारूनच सौदा करा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. केबलमधलं तांबं काढण्यासाठी पुष्कळ जण बांधावर ढीग करून पेटवून देतात. हे अजिबात करू नका. केबलचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. ते जळताना डोळे, घसा आणि फुप्फुसं पोळणारा आम्लवायू निघतो. त्याबरोबर डायॉक्सिन नावाचं विषही तयार होतं. ते धुरातून आणि राखेतून वैरणीवर बसतं, वैरण जनावर खातं, विष चरबीत साठतं आणि दुधात उतरतं. आणि ते दूध कोण पितं? आपलंच लेकरू!

शिवाय जाळलेलं तांबं काळवंडतं आणि त्याला भाव कमी मिळतो. त्यापेक्षा केबल फळीवर ताणून धरा, धारदार चाकूनं उभी चीर द्या आणि साल सोलून काढा. चाकू अंगाकडे ओढू नका. वेळ लागेल, पण चकचकीत तांबं हाती येईल आणि दोन पैसे जास्तच मिळतील.

फ्रीज मात्र घरी फोडू नका. त्याच्या नळ्यांत वायू भरलेला असतो. फार जुन्या फ्रीजमधला वायू ओझोनच्या थराला मारक आहे, तर अलीकडच्या अनेक फ्रीजमधला पेट घेणारा. फ्रीज अंगणात ठेवायचा असेल, तर दार आधी काढून टाका. लपंडाव खेळताना मूल आत शिरलं आणि दार लागलं, तर ते गुदमरून जाईल. जुन्या टीव्हीची जाड काचही फोडू नका, तिच्यात शिसं असतं. मोटारीच्या स्टार्टरमधला कपॅसिटर वीज तोडल्यावरही झटका देऊ शकतो, तो जाणकाराकडूनच काढून घ्या.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे फ्रीज, टीव्ही, धुलाई यंत्र अशा वस्तू नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच जायला हव्यात. नवी वस्तू घेताना दुकानदार जुनी बदली घेतो का, तेही विचारा.

तेव्हा बंधू-भगिनींनो, निवडा, तोला, भाव विचारा आणि मगच विका. पण आगपेटी मात्र लांब ठेवा. नमस्कार!