नाव जुनं, दारं पाच

पानिपतात बोलतोय, म्हणून नावापासूनच सुरुवात करतो. १७६१ नंतर मराठीत ‘पानिपत’ म्हणजे नुसतं गाव राहिलं नाही. नावात आठवण अशी मुरते.

१९९१ची टाटा सिएराही तशीच. तीन दारं, मागे छतापर्यंत वळलेली काच. २०२० साली ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत हे नाव परतलं, २०२५ला गाडी बाजारात आली. आता दारं पाच, आणि काचेचा तो वळसा काळ्या रंगाने भासवलेला. जुने चाहते हळहळले. मलाही ती काच हवी होती. पण जुन्या सिएरात मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. आजी-आजोबांनी हे कसं करावं?

तेव्हा नुसत्या नावावर भाळू नका, रुसूही नका. घरच्यांना मागे बसवून गाडी चालवून बघा, मग ठरवा.