गच्चीवरच्या दोन तारा
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



बँकेत आयुष्यभर हिशोब जुळवले. आज आपल्या गच्चीवरच्या दोन तारांचा हिशोब तेवढा मांडतो.

रिटायर झाल्यावर मी परीक्षा देऊन हॅम रेडिओचं लायसन्स घेतलं. ४० मीटर बँडसाठी साधारण २० मीटर लांबीची तार पाण्याच्या टाकीवरून बांधली. पुढे बी विंगमधल्या तरुण इंजिनिअरनंही लायसन्स काढलं आणि आपली तेवढीच तार माझ्या तारेला समांतर, जेमतेम तीन मीटरवर ताणली. झालं! तो बोलू लागला की माझा सेट बहिरा, मी बोललो की त्याचा. तो गप्प असला तरी माझं मीटर पूर्वीचा आकडा दाखवेना. जनरल बॉडीत मी तावातावानं म्हणालो, "त्याची तार काढा." तुम्ही ऐकलं नाहीत, त्याबद्दल आज आभार मानतो.

मी दाखला दिला होता आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचा. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार, कुलाब्याची मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथे सुरू झाली. म्हणजे उपाय एकच, लांब जाणे. तो पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, आपल्याला तर एकाच गच्चीवर राहायचंय. दूरदर्शनचा जुना अँटेना आठवा."

आठवला. दांड्या अनेक, पण केबल एकीलाच जोडलेली. बाकीच्या नुसत्या शेजारी. त्या लहरी झेलतात आणि परत सोडतात. मागची जरा लांब, पुढच्या जरा आखूड, अंतर मोजलेलं, म्हणून चित्र स्वच्छ. जपानच्या उदा आणि यागी या संशोधकांची ही रचना, १९२६ च्या सुमाराची. आमच्या तारा हेच करत होत्या, फक्त न मोजता. शेजार हा दोष नव्हता, मांडणी चुकली होती.

मग एका रविवारी दोघांनी मिळून त्याची तार गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या तारेशी काटकोनात बांधली. काटकोनात एकीचं दुसरीला फार कमी पोचतं. तरी एकाच बँडवर एकाच वेळी बोलणं जमेना, म्हणून वेळ वाटून घेतली. सकाळ माझी, संध्याकाळ त्याची.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. वीज गेली, मोबाईल मुके झाले. माझी तार तुटून जिन्यावर लोंबत होती. त्याची शाबूत होती! दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर त्याचा सेट लावला, मी वही घेऊन शेजारी बसलो. पुण्याचा एक हॅम मिळाला. अकरा घरांचे निरोप दिले, "सुखरूप आहोत." त्यानं एकेकाला फोन केले. त्यातला एक फोन माझ्या मुलीला होता.

जी तार मी काढायला निघालो होतो, तिनंच माझा निरोप पोचवला. हा हिशोब एवढी वर्षं माझ्याकडे अनामत होता, आज चुकता केला.

कमिटीला एकच विनंती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तारा सोडाव्या लागतील. खुशाल सोडा. परत बांधताना मात्र आम्हा दोघांना हाक मारा. काटकोन चुकता कामा नये.