आखात: नकाशातले आणि भरतीचे



तीन बाजूंनी जमीन आणि आत शिरलेला समुद्र म्हणजे आखात, ही व्याख्या आपण शाळेत घोकली. उपसागराची व्याख्याही जवळजवळ हीच होती. रुंद तोंडाचा तो उपसागर, चिंचोळे ते आखात, असे गुरुजी सांगत. पण नावे देणाऱ्या दर्यावर्दींनी हा नियम पाळला नाही. कॅनडातला हडसनचा उपसागर जवळजवळ चहूबाजूंनी बंद, तरी तो उपसागरच. आपल्या बोलण्यात तर ‘आखातात नोकरी’ म्हणजे दुबई, कुवेत आणि मस्कतसुद्धा. प्रत्यक्षात मस्कत इराणच्या आखातावर नाहीच, ते ओमानच्या आखातावर आहे.

म्हणून मी नावाच्या वादात पडत नाही, पाण्याकडे पाहतो. त्यासाठी खंबातच्या आखातासारखे उदाहरण नाही. पूर्वेला दक्षिण गुजरात, पश्चिमेला सौराष्ट्र. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी इथेच समुद्राला मिळतात. यातली तापी आपल्या खानदेशातून जाते, तेव्हा या आखाताच्या तळाशी जळगाव-धुळ्याची काळी मातीही आहे. 1972 मध्ये उकाईचे धरण पूर्ण झाल्यापासून तिचा बराचसा गाळ धरणातच अडकतो, हा भाग वेगळा.

उधाणाच्या दिवसांत गोव्यात भरती-ओहोटीच्या पातळ्यांतला फरक साधारण 2 मीटर असतो, मुंबईत सुमारे 5, आणि खंबातच्या आखातावरच्या भावनगरला 10 मीटरच्याही वर. म्हणजे सहा तासांत तीन मजली इमारतीएवढे पाणी चढते आणि पुढच्या सहा तासांत उतरते. चंद्र-सूर्य तेच, समुद्रही तोच. मग फरक कुठून आला? जागेच्या घडणीतून. गुजरातसमोर उथळ समुद्रबूड जमीन फार रुंद आहे, त्यावरून येताना भरतीची लाट उंचावते. पुढे आखात निमुळते आणि आणखी उथळ होत जाते. पाण्याला बाजूला सरकायला जागा नसते, ते वर चढते. शिवाय आत येणारी आणि परतणारी लाट इथे एकमेकींना बळ देतात.

चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता खंबात बंदरात आला, तेव्हा ओहोटीला चिखलात बसलेली आणि भरतीला तरंगणारी गलबते पाहून त्याने ते लिहून ठेवले. त्याआधी पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीने भडोचजवळच्या या भरतीची धास्ती नोंदवली आहे; परक्या जहाजांना वाट दाखवायला राजाचे कोळी पुढे जात, असे तो सांगतो. खंबातचा दबदबा एवढा, की 1583 मध्ये इंग्लंडच्या राणीने अकबराला पत्र धाडले ते ‘खंबातचा राजा’ म्हणून. पुढे गाळाने बंदर भरले आणि व्यापार सुरतेकडे सरकला.

हीच भरती भावनगरजवळच्या अलंगला पोटापाण्याला लावते. 1983 पासून तिथे उधाणाच्या भरतीवर जुनी जहाजे थेट किनाऱ्यावर चढवतात आणि पाणी उतरले की तोडायला घेतात. कामगारांच्या जिवाची आणि किनाऱ्याची त्यात काय किंमत मोजली जाते, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय. उलट आखाताचे दोन काठ जोडणाऱ्या घोघा-दहेज फेरीबोटीचा खेळ 2017 मध्ये सुरू होऊन गाळाने लवकरच आटोपला. 2020 पासून बोट घोघ्याहून हजिऱ्याला जाते.

या आखाताला बांध घालून आत गोड्या पाण्याचा प्रचंड तलाव करायचा, अशी ‘कल्पसर’ नावाची योजना गेली कित्येक वर्षे चर्चेत आहे. पाण्याची टंचाई खरी आहे, हे मला मान्य. पण इथली भरती आखाताच्या आकारातून जन्मते. बांधाने तो आकारच बदलला, तर भरती बदलेल आणि गाळाची वाटही बदलेल. म्हणून बांधाच्या बाहेर भरती किती चढेल आणि गाळ कुठे बसेल, याचा हिशेब भावनगर, अलंग आणि हजिऱ्याच्या लोकांसमोर आधी मांडा. त्यानंतरच पहिला दगड टाका, एवढीच माझी मागणी आहे.