उवांचं औषध लावताना

परवा गटाच्या बैठकीत हप्ते बाजूलाच राहिले, बोलणं उवांवर गेलं. एकीने पोरीच्या डोक्याला फवारणीचं औषध लावायचं ठरवलं होतं. अगं बाई, ते पिकावरचं विष आहे, कातडीतून अंगात जातं! रॉकेलही नको, लहानपणी त्याने माझ्या कपाळाची सालं निघाली होती.

मेडिकलमध्ये परमेथ्रिन १ टक्का लोशन मागा. ५ टक्क्यांचं मिळतं ते खरजेचं, ते नको. केस साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर लावू नका, टॉवेलने टिपा. मग ओलसर केसांना मुळापासून लावा, कानामागे आणि मानेजवळ विसरू नका. डोळ्यांवर फडकं धरायला सांगा. घड्याळ बघून १० मिनिटं, मग धुवा. जास्त वेळ ठेवलं म्हणून जास्त गुण येत नाही, आग मात्र होते. काही लिखा यातून वाचतात, म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावायचं. मधल्या दिवसांत बारीक फणी फिरवा. घरात ज्यांना उवा आहेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी लावा, नाहीतर पोरीच्या परत आजीकडून येतात.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नका. डोक्यात जखमा, पू असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पोरीचे केस भादरू नका हो, ती शाळेत जायला लाजते.