‘सिद्धी’ : एका शब्दाची कुळकथा



‘सिद्धी’ हा शब्द उच्चारताच पाण्यावरून चालणारे, दुसऱ्याच्या मनातले जाणणारे योगी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु या शब्दाचे एक नाते थेट चुलीशी आहे, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल.

संस्कृतातील ‘सिध्’ या धातूचा अर्थ पूर्ण होणे, तडीस जाणे. ‘सिध्यति’ या रूपाचे प्राकृतात ‘सिज्झइ’ झाले आणि त्यातूनच मराठीतील ‘शिजणे’ हे क्रियापद आले. बंगालीत आजही ‘सिद्ध’ म्हणजे उकडलेले. भात शिजतो, प्रमेय सिद्ध होते, आरोप सिद्ध होतो. यांत चमत्कार कोठेही नाही. आहे ती क्रमाक्रमाने साधलेली पूर्णता.

मग अलौकिक शक्तीचा अर्थ आला कोठून? पतंजलींच्या योगसूत्रांतील तिसऱ्या पादात, म्हणजे विभूतिपादात, परचित्तज्ञानादी शक्तींचे वर्णन आहे. साधना परिपक्व झाल्याची ती फळे, म्हणून त्या सिद्धी. मात्र तेथेच पतंजली बजावतात की, समाधीच्या मार्गात हे अडथळेच होत. बहिर्मुख मनालाच ते यश वाटते.

पाली ग्रंथांतील ‘इद्धि’ हा शब्द कानाला जवळचा वाटला, तरी त्याचे मूळ निराळे. तो संस्कृत ‘ऋद्धि’ होय. अर्थ वाढ, भरभराट. दीघनिकायातील केवट्टसुत्तात एक गृहस्थ बुद्धांना विनवतो की, भिक्षूकडून चमत्कार करवावा, म्हणजे नालंदावासीयांची श्रद्धा वाढेल. बुद्ध मान्य करीत नाहीत. अश्रद्ध मनुष्य त्याला गांधारी विद्या म्हणेल, असे सांगून ते उपदेशालाच श्रेष्ठ ठरवितात.

इ. स. १८८२ मध्ये फ्रेडरिक मायर्स यांनी ‘टेलिपथी’ हा शब्द घडविला. ग्रीक भाषेतील ‘दूर’ आणि ‘अनुभूती’ या अर्थांच्या शब्दांचा तो जोड आहे. त्यात केवळ परिणामाचे नाव आहे. त्यामागील साधनेचा निर्देश नाही. अशा शक्तीचा विज्ञानमान्य पुरावा आजवर पुढे आलेला नाही.

म्हणून कोणी सिद्धीचा दावा घेऊन दारी आला, तर भयाने हात जोडण्यापूर्वी त्या शब्दाचाच आधार घेऊन आपण विचारावे : महाराज, हे सिद्ध झाले आहे काय? ज्या भाषेने सिद्धी हा शब्द दिला, तिनेच हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही आपल्याला दिला आहे.