आसन आणि वल्हे

आगगाडीच्या बाकावर रात्र काढलेल्या माणसाला बसण्याचेही कष्ट असतात, हे सांगावे लागत नाही. पण त्याला निदान उठून दाराशी जाता येते, एखाद्या स्थानकावर उतरून पाय मोकळे करता येतात. ज्याला उठताच येत नाही, आणि उठू म्हटले तर होडीच उलटावयाची, अशा प्रवाशाविषयी आज मला बोलावयाचे आहे.

कयाक ही मूळची ग्रीनलंडसारख्या हिमप्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे, अशी तिची घडण. तिची मापे घेत ती ज्याने तीत बसावयाचे त्याच्याच शरीरावरून. शिंप्याने अंगरखा बेतावा, तशी ही होडी माणसाच्या अंगावर बेतलेली असे.

हे माप किती मोलाचे, ते महासागराने दाखवून दिले. १९२८ साली फ्रान्झ रोमर हा जर्मन दर्यावर्दी कॅनरी बेटांवरून निघून ५८ दिवसांनी वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस बेटास पोहोचला. खारे पाणी, ओले कपडे आणि अखंड घासणारी बैठक यांनी त्याच्या अंगावर व्रण पडले होते. १९५६ साली डॉ. हान्नेस लिंडेमान यांनी सुमारे सव्वापाच मीटर लांबीच्या घडीच्या होडीतून ७२ दिवसांत तोच महासागर ओलांडला. दोघांच्याही होड्यांना शीड होते. तेव्हा सारा पल्ला वल्ह्याने तोडला असे नव्हे. बसणे मात्र शिडाने चुकत नाही.

आता बैठकीचा आणि वल्ह्याचा संबंध काय? वल्हवणे हे दंडाचे काम, असे काठावरून पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते पायापासून सुरू होते. उजवे पाते पाण्यात रुतले की उजवा पाय समोरच्या टेकूला रेटा देतो, कंबर वळते, धड फिरते आणि होडी पुढे सरकते. हात हे केवळ त्या बळाचे वाहक. म्हणून पायाला टेकू नसेल, तर दंड एकटेच राबतात आणि लवकर थकतात.

येथेच मऊपणाचा मोह फसवतो. उंच पाठ असलेले आसन पहिल्या तासात सुखाचे वाटते. पण ते माणसाला मागे रेलवते व धड फिरू देत नाही. जाड गादीने बसणारा उंचावतो आणि होडी डुलू लागते. मग निम्मे लक्ष तोल सावरण्यातच जाते. उलट, नुसत्या कठीण फळीवर सारा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो, आणि तिची कड मांडीखाली रुतली की पायांना मुंग्या येतात. मांडीला खालून आधार, गुडघे किंचित वाकलेले, कमरेच्या तळाशी बेताचा टेका आणि बैठक शक्य तितकी कोरडी, हाच मध्यम मार्ग होय.

दुसरा संयम वेगाचा. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या. वेग एकदशांशाने वाढवावयाचा, तर शक्ती जवळजवळ एकतृतीयांश अधिक खर्चावी लागते. लांबच्या पल्ल्यात घाई करणारा ही उधळपट्टी दर घटकेला करीत असतो.

आसन स्थिर हवे आणि सुखाचेही हवे, ही जाण आपल्या योगशास्त्राला फार पूर्वीच झाली होती. दर्यावर तिचा अर्थ रोकडा होतो. अवघडलेला माणूस वारंवार हलतो, हलला की तोल जातो. बधिर झालेला पाय ऐन लाटेच्या वेळी साथ देत नाही. तेव्हा किनाऱ्यावर असतानाच बसून पाहावे, एक तास नव्हे, चांगला अर्धा दिवस. जे आसन तेथे बोचते, ते भरसमुद्रात क्षमा करणार नाही.