गळती आणि शेरा

सोसायटीतले वाद हा विषय मला दिला, कारण मी तीन वर्षं पुण्यात आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. पार्किंग, कुत्री, रात्री दहानंतरचे स्पीकर, हे सगळं तुमच्याकडेही असेलच. मी फक्त एका गळतीबद्दल बोलतो.

आमची इमारत मिश्र वस्तीची. वर एक मुस्लिम कुटुंब, खाली एक काकू. काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली. दोनदा सांगूनही वर कुणी हललं नाही, तेव्हा त्यांच्या मुलाने ग्रुपवर फोटो टाकला. इथवर ठीक. त्याखाली दुसऱ्याच विंगमधल्या गृहस्थांनी लिहिलं, ‘या लोकांना सांगून उपयोग नसतो.’ अर्ध्या तासात ओल मागे पडली आणि ‘या लोकांना’ पुढे आलं.

वरच्या चाचांचा मला फोन, ‘बेटा, कमिटीत तूच एक आपला. काहीतरी बोल.’ संध्याकाळी चेअरमन म्हणाले, ‘तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतील.’ दोघांचा हेतू चांगला. पण एकाला मी वकील हवा होतो, दुसऱ्याला निरोप्या. कमिटी सदस्य कुणालाच नको होता.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात दोन बग एका तिकिटात टाकत नाहीत. एक सुटला की दुसराही सुटल्यासारखा दिसतो. म्हणून मी दोन वेगळ्या लेखी तक्रारी मागितल्या: गळतीची काकूंकडून, शेऱ्याची चाचांकडून.

गळती सोपी होती. प्लंबरने वरच्या बाथरूममध्ये रंगीत पाणी साठवलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या छताला तोच रंग. दोष वरच्या नहाणी ट्रॅपचा. आदर्श उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-बाथरूमची गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. गच्चीची आणि बाहेरच्या पाइपची सोसायटीने. मी चाचांना हे सरळ सांगितलं. ते एवढंच म्हणाले, ‘तू भी?’ पण काम करून घेतलं.

मग सगळे म्हणायला लागले, गळती थांबली ना, आता शेरा कशाला उकरता? इथे मी अडून बसलो. चाचांनी नहाणीचे पैसे भरले होते. त्या वाक्याचा हिशोब कुणी केला नव्हता.

उपविधीत आम्हाला अशा शेऱ्यासाठी कलम सापडलं नाही. 2023च्या मध्यस्थी कायद्यात मात्र सामुदायिक मध्यस्थीचं प्रकरण आहे: तीन मध्यस्थ, दोन्ही पक्षांची आधी संमती, आणि झालेल्या समझोत्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही. आम्ही कायदा लावला नाही, त्याचा साचा उसना घेतला. निवृत्त शिक्षिका, एक रिक्षाचालक सभासद आणि तळमजल्यावरचे दुकानदार असे तिघे बसले. मी मुद्दाम बाहेर राहिलो.

ते गृहस्थ म्हणत होते, मी काकूंची बाजू घेतली. काकू बोलावणं नसताना आल्या आणि म्हणाल्या, ‘तक्रार माझी होती. त्यात तुमचं वाक्य कशाला?’

त्यांनी मेसेज काढला आणि ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. त्यात माफी हा शब्द नव्हता. चाचांनी तेवढ्यावर सही केली. मला ते कमी वाटलं, पण तक्रार त्यांची होती.

येत्या सर्वसाधारण सभेत माझा ठराव आहे: ग्रुपवरच्या तक्रारीत फ्लॅट नंबर लिहायचा, आडनाव किंवा ‘हे लोक’ नाही. विरोधात बोलणारे आत्ताच चौघे आहेत, आणि त्यातले दोघे आपलेच.